केस रेअर नसेल तर केस रिपोर्ट लिहायचा का? एका रेसिडेंटच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी मेडिसिनची सेकंड इयर रेसिडेंट आहे. तिच्या युनिटला ऑगस्टअखेरीस एक छत्तीस वर्षांची शेतमजूर बाई ॲडमिट झाली, सात दिवस ताप, अंगदुखी, मग धाप. प्लेटलेट ४८ हजार, लिव्हर एन्झाइम्स वाढलेले, त्यामुळे डेंग्यू धरूनच ट्रीटमेंट चालू होती. तिसऱ्या दिवशी सिस्टर स्पंजिंग करत होत्या तेव्हा कमरेला, परकराची नाडी बांधतात तिथे, त्यांना एक काळी खपली दिसली. स्क्रब टायफस निघाला, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला आणि बाई चालत घरी गेली. आता गाईड म्हणतात केस रिपोर्ट, म्हणजे या एका पेशंटची जर्नलमध्ये छापायची हकीकत, लिहून टाक, आणि हिचे प्रश्न तीन आहेत. स्क्रब टायफस आता रेअर राहिला नाही मग लिहिण्यासारखं काय आहे, अशा दहा केसेस जमवल्या तर तो क्लिनिकल रिसर्च होतो का, आणि एक जर्नल चार दिवसांत ॲक्सेप्ट करतो म्हणून पैसे मागतंय ते द्यायचे का.

मी अठ्ठावीस वर्षं मेडिसिनमध्ये आहे, त्यातली बरीच शिकवण्यात गेली, म्हणून वयाच्या हक्काने तुला अगं-तुगं करते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते कारण ते सोपं आहे, नको देऊस. पेपर वाचायच्या आधीच ॲक्सेप्टन्सची तारीख सांगतात म्हणजे तिथे तो कोणी वाचणारच नाहीये. फी घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असतं असं नाही, चांगल्या ओपन ॲक्सेस जर्नल्सचीही फी असते पण ती आधीपासून उघडपणे लिहिलेली असते, बीएमजे केस रिपोर्ट्सला तर फेलोशिपच, म्हणजे त्यांची वर्गणीच, घ्यावी लागते आणि कधीकधी ती कॉलेजने घेतलेली असते, तेव्हा लायब्ररीत आधी विचारून ये. पण आपणहून मेल करून बोलावणाऱ्यांच्या हातात पेशंटची गोष्ट द्यायची नाही, एकदा तिथे छापली की दुसरं कुठलंही जर्नल ती घेत नाही आणि केस कायमची वाया जाते. आपल्या फिजिशियन्सच्या संघटनेचं जर्नल, जापी आहे, नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया आहे, तिथे पाठव. परत आली तर रिव्ह्यूअरने काय लिहिलंय ते शांतपणे वाच, त्याच्यासारखी फुकट शिकवणी दुसरी नाही.

आता पहिला प्रश्न, माझ्या मते खरा हाच आहे.

रेअर नाहीये हे तुझं बरोबर आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रबची साथ आली, माणसं गेली, तेव्हापासून विदर्भात तरी पावसाळ्यातल्या तापाला हे नाव प्रत्येक फिजिशियनच्या डोक्यात असतं. पण तू मला लिहिलेल्या चार ओळी परत वाच. तिसऱ्या दिवशी सिस्टरना दिसली असं तूच लिहिलंयस. म्हणजे ही बाई कॅज्युअल्टीत तपासली गेली, इंटर्नने तपासली, तू तपासलीस, राउंडला तपासली गेली आणि या सगळ्यात परकराची नाडी कोणी सैल केली नाही. मी तुला दोष देत नाहीये, आपल्या वॉर्डात असंच होतं. मधे पडदा नसतो, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बघत असतात, बाई स्वतः पदर आवळून बसलेली असते आणि तपासणारा मुलगा असला तर तो पोटाला वरून हात लावून पुढे जातो. आणि नेमका हा चिगर, म्हणजे गवतातल्या त्या माइटचं पिल्लू, कपडा जिथे अंगाला घट्ट बसतो तिथेच चावतो. नाडीखाली, ब्लाउजच्या काठाखाली, काखेत, जांघेत. खपली दुखत नाही, खाजत पण नाही, त्यामुळे बाई स्वतःहून सांगत नाही. आणि घामाच्या जागी ती पुस्तकातल्या फोटोसारखी काळी राहतेच असं नाही, बऱ्याचदा वरची खपली निघून गेलेली असते आणि खाली ओलसर पिवळट उथळ व्रण दिसतो, बघणाऱ्याला वाटतं नाडी काचली असेल.

शिवाय तू पाठवलेल्या रिपोर्टमध्ये पहिल्याच दिवशी डब्ल्यूबीसी १३ हजारांवर होते. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा कमी होतात. एनएस-वन, म्हणजे डेंग्यूची टेस्ट, निगेटिव्ह होता पण सातव्या दिवशी एनएस-वन निगेटिव्ह आला तर त्यावरून ना डेंग्यू ठरतो ना जातो. म्हणजे खूण कागदावर होती, खूण अंगावर होती, आणि प्लेटलेटचा आकडा एवढा मोठा दिसत होता की बाकी सगळं त्याच्यामागे गेलं. हे दोन दिवस म्हणजे तुझा केस रिपोर्ट आहे. पावसाळ्यात कुठल्याही जिल्हा रुग्णालयात बसलेल्या मेडिकल ऑफिसरला त्या दोन दिवसांची गोष्ट वाचून फायदा होईल, स्क्रबच्या जंतूच्या, ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशीच्या मायक्रोबायोलॉजीची तीन पानं उतरवून काढलीस तर त्याला त्यातून काय मिळणार? ती पाठ्यपुस्तकात आहेत.

तर लिहिताना वेळेच्या क्रमाने लिही. ॲडमिशन किती वाजता, तेव्हा सॅच्युरेशन किती, कोणता अँटिबायोटिक कधी, डॉक्सीचा पहिला डोस किती वाजता, त्यानंतर दर चार तासांचं टेंपरेचर. केअर गाईडलाइन्स म्हणून एक चेकलिस्ट आहे, २०१३ साली आली, तेरा मुद्दे आहेत, बहुतेक जर्नल्स ती मागतात, त्यात टाइमलाइन हा वेगळा मुद्दाच आहे. लिहायला बसण्याआधी टीपीआर शीट (ताप-नाडी-श्वासाची नोंद) आणि ट्रीटमेंट शीटचे फोटो नको, झेरॉक्स काढून घे, कारण डिस्चार्जनंतर पेपर रेकॉर्ड रूमला गेले की काय सापडेल ते सांगता येत नाही.

आणि ट्रीटमेंट शीटवर एक गोष्ट अगदी बारकाईने बघ. कॅज्युअल्टीत कोणी ॲझिथ्रोमायसिन टाकलं होतं का? धाप होती, न्यूमोनिया समजून सेफ्ट्रिॲक्सोनबरोबर ॲझिथ्रो चढवायची आपल्याकडे पद्धतच आहे, आणि ॲझिथ्रो स्क्रबवर चालतं. ते पहिल्या दिवसापासून चालू असेल तर डॉक्सीने दोन दिवसांत ताप उतरला हे तुझं वाक्य उभं राहत नाही, मग जे झालं तेच प्रामाणिकपणे लिहायचं. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आपल्याकडची एक ट्रायल आली आहे, वेल्लोरच्या सीएमसीने पुढाकार घेतलेली, सात हॉस्पिटलं, जवळपास आठशे पेशंट, सगळे सीव्हियर स्क्रबचे. शिरेतून डॉक्सी, शिरेतून ॲझिथ्रो आणि दोन्ही एकत्र असे तीन गट होते. एकेकट्या औषधाच्या गटात साधारण ४७-४८ टक्के लोकांना मृत्यू, सातव्या दिवशीही कॉम्प्लिकेशन किंवा न उतरलेला ताप यातलं काहीतरी झालं, दोन्ही एकत्र दिलेल्यांत ते ३३ टक्क्यांवर आलं. तुझी पेशंट ऑक्सिजनवर होती तर रिव्ह्यूअर विचारणारच की एकटं डॉक्सी का, तेव्हा त्याचं उत्तर डिस्कशनमध्ये आधीच असू दे. टेस्टचंही तसंच. नुसतं स्क्रब पॉझिटिव्ह लिहू नकोस, आयजीएम एलायझा ही अँटिबॉडीची टेस्ट होती की जुनी, कमी भरवशाची वाइल-फेलिक्स, सॅम्पल तापाच्या कितव्या दिवशी घेतलं, लॅबचा कट-ऑफ काय आणि आपला आकडा काय. वाइल-फेलिक्स एकट्याच्या जिवावर निदान ठोकू नकोस.

वेळ लिहून ठेवण्यावर मी एवढा जोर का देते ते सांगते.

एमबीबीएसनंतर बॉण्डसाठी मी रायगड जिल्ह्यातल्या एका पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, होते. मे-जून, पावसाच्या तोंडावर, जळणाच्या लाकडांतून, पेंढ्यातून, दगडाखालून लाल विंचू निघायचे. एका रात्री सात वर्षांच्या मुलाला घेऊन आले, पायाच्या अंगठ्याला दंश. रडत नव्हता. विंचू चावलेलं पोर रडत असेल तर मला आता बरं वाटतं, कारण नुसत्या वेदनेवर थांबलेली केस बहुधा बरी होते. हे पोर गप्प होतं, दोनदा उलटी झालेली, कपाळ आणि छाती घामाने निथळत होती आणि पाय हातात घेतले तर विहिरीच्या पाण्यातून काढल्यासारखे गार. नाडी जोरात पळत होती. विंचवाचं विष नसांमधले सोडियम चॅनल उघडे ठेवतं आणि शरीरातली सगळी ॲड्रिनलिनची यंत्रणा एकदम सुटते, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर चढतं, हृदयावर ताण येतो आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. आमच्या सिस्टरनी माझ्याकडे न बघताच रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनची एक मिलिग्रॅमची साधी गोळी काढली, चार तुकडे केले आणि पाव गोळी पाण्यात विरघळवून दिली. आणि आईला दरडावून सांगितलं, काही झालं तरी त्याला उचलून कडेवर घ्यायचं नाही, झोपूनच राहू दे. पहिल्या डोसनंतर उभं केलं तर प्रेशर एकदम पडतं, हे मला तेव्हा माहीत होतं पण सुचलं नसतं. तीन तासांनी दुसरा डोस. पहाटे मी परत पाय हातात घेतले तर तळव्यांना ऊब आली होती. ती ऊब मला अजून आठवते.

त्या सिस्टरना हे कुठून माहीत होतं? त्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर काम करत होते. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस जायचे. कोकणात इंगळी चावली की माणूस जातो हे लोकांनी जवळजवळ मान्य केलं होतं. पुस्तकात या विंचवाबद्दल उपयोगाचं फार काही नव्हतं. त्यांनी काय केलं तर पेशंटच्या उशाशी बसून लिहून ठेवलं, उलटी कधी झाली, घाम कधी आला, हातपाय कधी गार पडले, प्रेशर कधी चढलं, पाणी कधी भरलं. १९७७ मध्ये इंडियन हार्ट जर्नलमध्ये छोटं टिपण, १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये ही सुरुवातीची लक्षणं, म्हणजे उलटी, घाम आणि गार हातपाय बघून पुढचा धोका आधीच ओळखता येतो हे सांगणारा लेख. एक्स-रे नाही, इको नाही, आयसीयू नाही, हे सगळं पीएचसीत. आणि लक्षणांचा क्रम पक्का झाल्यावरच औषधाचा प्रश्न नीट विचारता आला, की हा जर रक्तवाहिन्या आवळण्याचा खेळ असेल तर त्या सैल करणारं औषध का नको. १९८६ मध्ये त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं प्राझोसिनवरचं लिखाण लॅन्सेटमध्ये आलं. मृत्यू शंभरात एखाद-दुसऱ्यावर आले. आणि तिथे ते थांबले नाहीत याचं मला जास्त कौतुक आहे, कारण विंचवाचं अँटीव्हेनम मिळायला लागल्यावर आपलंच औषध पुरेसं आहे असं म्हणून बसणं सोपं होतं. त्यांनी महाडमध्येच ट्रायल केली, ७० पेशंट, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना अँटीव्हेनम अधिक प्राझोसिन, २०११ मध्ये बीएमजेत छापून आली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, दोन्ही औषधं एकत्र दिलेल्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. एका टिपणापासून रँडमाइज्ड ट्रायलपर्यंत चौतीस वर्षं, एकच तालुका, एकच विंचू. केस रिपोर्ट आणि क्लिनिकल रिसर्च या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात ना तुला, मला त्या एकाच वहीची पुढची-मागची पानं वाटतात.

जाता जाता, आजच्या ड्युटी डॉक्टरांसाठी एक गोष्ट. साधी प्राझोसिन हल्ली दुकानात पटकन मिळत नाही, हळूहळू विरघळणारी एक्सएल गोळी मिळते आणि ती तोडून मुलांना देता येत नाही. पावसाळ्याआधी साधी गोळी मागवून ठेवा.

माझं स्वतःचं मात्र असं नाही झालं. त्या पीएचसीत मी बावीस मुलांची टिपणं ठेवली होती, पुढे एमडी करताना ती लिहून काढली आणि एका जर्नलला पाठवली. रिव्ह्यूअरने दोनच गोष्टी विचारल्या. दंश झाल्यापासून पहिल्या डोसपर्यंत किती वेळ गेला, प्रत्येकाचा सांगा. माझ्याकडे फक्त नऊ जणांचा होता. आणि त्याच काळात तुमच्याकडे आलेली पण तुम्ही पुढे पाठवलेली मुलं किती, त्यांचं काय झालं. ती मी मोजलीच नव्हती. जी अगदी वाईट अवस्थेत होती त्यांना मी ॲम्ब्युलन्समध्ये घालून पुढे पाठवलं होतं आणि माझ्या वहीत फक्त माझ्याकडे राहिलेली, म्हणजे मुळात बरी होण्याच्या लायनीत असलेली मुलं होती. बावीसपैकी बावीस वाचली असं मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं पण खरंही नव्हतं. पेपर परत आला तो योग्यच होता, आणि ती न मोजलेली मुलं मला अजून टोचतात.

म्हणून तुझा दुसरा प्रश्न, दहा केसेस. जमवलेल्या दहा केसेस म्हणजे रिसर्च नाही, पण ओळीने आलेल्या दहा म्हणजे त्याची सुरुवात आहे. फरक कळतोय का बघ. तू आता गाईडना, कलीगना सांगून एस्कार, म्हणजे ती काळी खपली, सापडलेल्या दहा बायका गोळा केल्यास आणि लिहिलंस की स्क्रबमध्ये कमरेवर एस्कार असतो, तर ते गोल गोल फिरणं झालं, कारण एस्कार दिसला म्हणूनच त्या तुझ्या यादीत आल्या. ज्यांना नव्हता किंवा असून दिसला नाही, त्या डेंग्यू म्हणून घरी गेल्या किंवा व्हायरल फीवर विथ एआरडीएस, म्हणजे व्हायरल तापात फुप्फुसं निकामी, असं सर्टिफिकेट घेऊन गेल्या. त्या तुझ्या यादीत कधी येणारच नाहीत.

त्याऐवजी असं कर. तुमच्या युनिटला ऑगस्ट ते नोव्हेंबर जो कोणी पाच दिवसांपेक्षा जास्त तापाचा पेशंट ॲडमिट होईल तो प्रत्येक जण घ्यायचा, बाई असो पुरुष असो, डेंग्यू वाटो की मलेरिया. पहिल्या दिवशी जो नेहमीचा डॉक्टर तपासेल त्याने त्वचेवर काय दिसलं ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने, त्याला पहिल्याचं टिपण न दाखवता, पडदा लावून, बाई असेल तर सिस्टरना सोबत घेऊन, डोक्यापासून पायापर्यंत कपडे सैल करून परत बघायचं. सगळ्यांची आयजीएम एलायझा करायची, एस्कार दिसो न दिसो. मग सीझनअखेर तुला सांगता येईल की एलायझा पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांचा एस्कार पहिल्या तपासणीत सापडला आणि किती जणांचा फक्त दुसऱ्यांदा नाडी सोडून बघितल्यावर. याला मोठी मशीन लागत नाही, एलायझाच्या किट सोडल्या तर पैसे लागत नाहीत, एक पडदा लागतो आणि रोजची पंधरा मिनिटं लागतात. थिसिसचा विषय आधीच ठरला असेल तर हे वेगळं छोटं काम म्हणून कर, सुपर स्पेशालिटीला जाशील तेव्हा कोणी नाही विचारलं तरी तुला स्वतःला याचं मोल कळेल.

पण हे सुरू करण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी, नंतर नाही. पेशंट आधी घेऊन मग मागच्या तारखेने परवानगी मिळवायचे प्रकार चालतात, त्या वाटेला जाऊ नकोस. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाईडलाइन्स वाचून घे, लांबलचक आहेत पण तुझ्या कामापुरता भाग एका रात्रीत होतो. औषधाची तुलना करणारी ट्रायल करायची झाली तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी लागते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. तुझ्या या कामात औषध बदलायचं नाहीये, पण कमिटीच्या ऑफिसात जाऊन विचार, एका केस रिपोर्टलाही तुमच्याकडे काय लागतं ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं.

एका पेशंटवरून किती बोलायचं याची मर्यादा पण सांगते. एका केसवरून औषध चांगलं की वाईट हे ठरत नाही, ती बाई तशीही बरी झाली असती का हे आपल्याला कळायला मार्ग नाही. पण इथे काहीतरी आहे, बाकीच्यांनी बघा, एवढं नक्की सांगता येतं, आणि ते सांगणं छोटं नाही. ५ जून १९८१ ला अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची माहिती आली, पाचही जण आधी धडधाकट, पाचही जणांना धडधाकट माणसाला सहसा न होणारा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, दोघे तोवर गेलेले. एचआयव्ही हे नाव तेव्हा नव्हतं, विषाणू कोणाला माहीत नव्हता, त्या पाच जणांवरून एड्स जगासमोर यायला लागला. आपल्याकडचं उदाहरण हवं तर बॉम्बे ब्लड ग्रुप घे. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं, मोजक्याच माणसांवरून, ज्यांचा ग्रुप वरवर ओ दिसत होता पण ओ रक्ताशी सुद्धा जुळत नव्हता. क्रॉसमॅच जुळत नाही, दुसरी बाटली आणा, असं म्हणून तो विषय कोणी त्या दिवशी संपवला असता तर? त्यांनी का जुळत नाही ते शोधलं. तुमच्या सिस्टरनी पण तेच केलं, खपली दिसली आणि कपडा परत ओढून न घेता तुला हाक मारली.

त्यावरून ऑथरशिप. गाईडनी निदान बदललं, ड्राफ्ट वाचला, सुधारला, तर त्यांचं नाव येणारच. पण ज्यांनी पेशंट बघितली नाही आणि ड्राफ्टही वाचला नाही त्यांचं नाव केवळ खुर्चीमुळे घालायचं नाही, आयसीएमजेई या जर्नल संपादकांच्या समितीचे निकष स्पष्ट आहेत, काम, लिखाण, शेवटची संमती आणि जबाबदारी या चारही गोष्टी लागतात. तुला रेसिडेंट म्हणून हे तोंडावर बोलता येणार नाही हे मला माहीत आहे, मग असं कर, ड्राफ्ट सगळ्यांना पाठव आणि प्रत्येकाकडून लेखी बदल माग, निकषांचा कागद सोबत जोड. सिस्टरचं नाव मात्र ॲक्नॉलेजमेंटमध्ये विसरू नकोस, त्यांना विचारून, पूर्ण नावाने. आणि त्यांनी ड्राफ्ट वाचून काही सुचवलं, जबाबदारी घेतली तर ऑथर म्हणूनही का नको, मला तरी त्यात काही वावगं दिसत नाही.

आता कन्सेंट, ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. ॲडमिशनच्या वेळी अंगठा घेतलेला छापील कन्सेंट इथे चालत नाही. छापण्यासाठी वेगळा, मराठीतला, तिला वाचून दाखवलेला हवा. तिला साध्या भाषेत सांग की तुमच्या आजाराची गोष्ट आणि कमरेच्या त्या जागेचा फोटो आम्ही डॉक्टरांच्या मासिकात देणार आहोत, ते मोबाइलवर जगात कुठेही दिसतं, नाव देणार नाही पण ओळखीच्या कोणाला कळू शकतं, आणि नाही म्हणालात तरी आमच्याकडच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही. वाचता येत नसेल तर हॉस्पिटलबाहेरचा साक्षीदार, तिच्या घरचं कोणीतरी, आणि मग अंगठा. नाही म्हणाली तर केस रिपोर्ट नाही, तिथे विषय संपला. फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे ते आजच बघ, वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला असेल तर काढायला लाव. फोटोत हातावरचं गोंदण येत असेल तर कापून टाक, गोंदलेल्या नावावरून माणूस लगेच ओळखू येतो. गावाचं नाव नको, तारखा नकोत, पहिला दिवस, तिसरा दिवस असं लिही. छत्तीस वर्षांची शेतमजूर, अमुक गावची, अमुक तारखेला, एवढं लिहिलं की तीनशे उंबऱ्यांच्या गावात नाव लिहायची गरज राहत नाही.

आणि तिच्याशी बोलायला बसशीलच तर नुसता अंगठा घेऊन उठू नकोस, तिची बाजू पण ऐक. केअरच्या चेकलिस्टमध्ये पेशंटचं म्हणणं हा एक मुद्दा आहे, लोक तो गाळतात. तिला विचार की तापाच्या आधी कोणत्या कामावर होतात. हिस्ट्रीत आपण शेतमजूर लिहून मोकळे होतो, पण ती सांगेल की नागपंचमी झाल्यावर बांधावरचं गवत कापलं, दुपारी तिथेच बसून भाकरी खाल्ली, बरोबर आणखी चौघी होत्या. नागपंचमीची तारीख कॅलेंडरमध्ये आहे, म्हणजे चावल्याचे दिवस आणि ताप सुरू झाल्याचा दिवस यातलं अंतर तुला काढता येईल, पुस्तकात ते सहा ते एकवीस दिवस दिलंय. आणि त्या चौघींपैकी कोणाला ताप आला का, ती कुठे दाखवायला गेली, तेही विचार. आली असेल आणि अजून घरी पडून असेल तर केस रिपोर्ट बाजूला ठेव, आधी तिला बोलावून घे, तालुक्याच्या हेल्थ ऑफिसरना फोन कर.

ती फॉलोअपला कधी येणारेय ते डिस्चार्ज कार्डवर बघ. त्या दिवशी ओपीडी कितीही भरलेली असली तरी तिला आत घे, पडदा लाव, सिस्टरना बोलाव. खपली पडून तिथे आता गोल फिकट डाग राहिला असेल. तिने हो म्हटलं तर शेजारी मोजपट्टी धरून त्याचा एक फोटो घे, आणि कितवा दिवस आहे ते तिथल्या तिथे वहीत लिहून ठेव.